विषय: बायोस अपडेटनंतर बंद पडलेला लॅपटॉप व मदरबोर्ड बदलण्याचा चुकीचा सल्ला

इंदूर, दि. 24 जुलै 2025

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

महोदय,

मार्च 2024 मध्ये घेतलेला तुमच्या कंपनीचा लॅपटॉप 8 जुलैच्या रात्री बंद पडला. मी रामबागेत राहतो, लहान व्यापाऱ्यांची जीएसटीची कामे करतो. त्या रात्री विंडोजच्या अपडेटबरोबर तुमचे बायोसचे, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामचे, अपडेट आपोआप आले. मी ते मागितले नव्हते. चार्जर लावलेला होता, बॅटरीही भरपूर होती. अपडेटची पट्टी अर्ध्याच्या पुढे जाऊन थांबली, लॅपटॉप आपणहून रीस्टार्ट झाला आणि स्क्रीन काळी ती काळीच. पंखा दोन-तीन सेकंद फिरायचा, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकायचा, बस.

9 तारखेला तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. जॉबशीटवर जमा केल्याची वेळ 11.40 आहे आणि निदानाची 11.52. मी काउंटरसमोरच उभा होतो. तंत्रज्ञाने चार्जर लावला, पॉवरचे बटण दोनदा दाबले आणि लिहिले: 'मदरबोर्ड खराब'. एकही स्क्रू उघडला नाही. पेनड्राइव्हवरून बायोस परत आणायची रीत तुमच्याच वेबसाइटवर दिली आहे, तीही करून पाहिली नाही. 'लाइट गेली असेल' म्हणाले. बॅटरी असलेल्या लॅपटॉपला लाइट गेल्याने काय होणार होते? नव्या बोर्डाचे 29,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 34,220 रुपये सांगितले. मी नाही म्हटल्यावर तपासणीचे 1,180 घेऊन लॅपटॉप परत दिला.

11 तारीख जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, शेवटची. सात व्यापाऱ्यांची बिले त्याच डिस्कमध्ये अडकलेली. पुतण्याने डिस्क काढून त्याच्या कॉम्प्युटरला जोडली, तेव्हा बिटलॉकरने, म्हणजे डिस्कला घातलेल्या विंडोजच्या कुलपाने, 48 आकडी रिकव्हरी की मागितली. ती माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली म्हणून 11 च्या रात्री रिटर्न भरले गेले. की नसती तर नवा बोर्ड बसवूनही डेटा उघडला नसता, कारण ते कुलूप जुन्या बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेले असते. बोर्ड बदला असे सांगताना ग्राहकाला हे सांगायला नको?

12 तारखेला जेल रोडवरच्या एका कारागिराकडे गेलो. त्याने माझ्यासमोर लॅपटॉप उघडला, बोर्डावरच्या बायोसच्या आठ पायांच्या चिपला क्लिप लावली आणि आतला मजकूर वाचून जपून ठेवला. त्याच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एका जागेपासून पुढे ओळीच्या ओळी नुसते एफएफ, एफएफ, म्हणजे कोरी जागा. 'बोर्ड को कुछ नहीं हुआ, भैया, लिखना अधूरा रह गया है,' तो म्हणाला. जुन्या मजकुरातला सीरियल नंबर राखून त्याने तुमच्याच वेबसाइटवरची फाइल चिपमध्ये लिहिली. एकही पार्ट बदलला नाही. तासाभरात तुमचा लोगो स्क्रीनवर आला. 1,800 रुपये लागले. हे पत्र त्याच लॅपटॉपवर लिहितो आहे.

वॉरंटी चार महिन्यांपूर्वी संपली, हे तुमचे उत्तर मला मान्य नाही. वॉरंटीची मुदत झिजणाऱ्या, जुन्या होणाऱ्या वस्तूला लागू पडते. इथे चांगल्या चालत्या यंत्रात तुम्ही पाठवलेले अपडेट अर्धवट लिहिले गेले. तुमच्या हातून झालेल्या नुकसानीला माझ्या बिलाची तारीख कशी लावता?

माझे 1,180 व 1,800 मिळून 2,980 रुपये परत करा. ते अपडेट या मॉडेलला आपोआप पाठवणे थांबवा आणि ते मध्येच का थांबले, हे लेखी कळवा. अशा लॅपटॉपची आधी चिप तपासावी, मग बोर्डाचे बोलावे, अशी सूचना तुमच्या केंद्रांना द्या. कुणा विद्यार्थ्याच्या घरच्यांनी ते 34,220 भरलेही असतील, ही गोष्ट मनातून जात नाही.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवून इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणी दावा करता येतो आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर दाव्याला फी नाही. बिल, जॉबशीट, दोन्ही पावत्या आणि चिपमधल्या मजकुराची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक
रामबाग, इंदूर