कौले धुण्याच्या धंद्यात प्रेशर वॉशर नको

संपादक महोदय,

पावसाळा सरला की कोकणात कौलांवरचे शेवाळ काढण्याची कामे निघतात. त्यासाठी अनेक तरुण आधी महागडा प्रेशर वॉशर घेतात, ते चूक आहे. जोराच्या फवाऱ्याने कौल खरवडते, पाणी सांध्यांतून माळ्यावर उतरते आणि खरखरीत कौलावर शेवाळ पुन्हा लवकर धरते.

फवारणीचा प्लास्टिकचा पंप पुरतो. 10 ते 12 टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटच्या (द्रवरूप ब्लीचच्या) एका भागात तीन भाग पाणी घातले की साधारण 3 टक्क्यांचे द्रावण होते. ते सकाळी किंवा ढगाळ हवेत फवारावे, 15-20 मिनिटे ओले राहू द्यावे, मग साध्या नळीने धुवावे. भर उन्हात ते मुरण्याआधीच वाळते. हायपोक्लोराइटचा कॅनही सावलीत ठेवावा. उष्णतेने त्याची ताकद उतरते, मग ‘औषध खोटे’ अशी तक्रार होते.

या द्रावणात ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो! पन्हाळीचे पाणी विहिरीत किंवा टाकीत जात असेल तर ती जोडणी आधी सोडवावी. खालची झाडे फवारणीपूर्वी आणि नंतरही भरपूर भिजवावीत. पत्र्यांवर हे द्रावण वापरू नये, गंज चढतो. गॉगल, रबरी हातमोजे आणि सेफ्टी बेल्ट यांचा खर्च दरातच धरावा.

– या व्यवसायातील एक वाचक, रत्नागिरी