सुरक्षारक्षकांइतकाच संवादही हवा

‘रुग्णालयांची सुरक्षा’ हा अग्रलेख वाचला. डॉक्टरांवरील हल्ल्यांचा निषेध योग्यच आहे, पण त्यात सुचवलेल्या, रक्षक आणि कॅमेरे वाढवण्याच्या उपायाने फार काही साधेल असे वाटत नाही. अशा हल्ल्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असलेला कायदा राज्यात 2010 पासून आहे. तरीही अतिदक्षता विभागाबाहेरचा तणाव कमी झालेला नाही.

रुग्णाची प्रकृती, खर्चाचा अंदाज, सरकारी योजनेच्या मंजुरीची स्थिती हे नातेवाइकांना सांगायचे कोणी? बहुतेक ठिकाणी हे काम रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरवर येऊन पडते. बिल वेगळा विभाग करतो, विम्याचे कागद तिसराच माणूस पाहतो. शिव्या मात्र समोर दिसणाऱ्या डॉक्टरला किंवा परिचारिकेला! सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद यासाठीच आहे, पण त्यांचा दिवस योजनांचे अर्ज भरण्यातच जातो. खासगी शुश्रूषागृहांना 2021 च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले. सनदेची पाटी भिंतीवर लागते, तक्रार ऐकणारा माणूस सापडत नाही.

प्रत्येक मोठ्या रुग्णालयात तिन्ही पाळ्यांत, निर्णयाचे अधिकार असलेला संवाद अधिकारी नेमावा आणि नोंदणीच्या नूतनीकरणावेळी ती नेमणूक तपासावी. रक्षकांच्या कंत्राटासाठी निधी निघतो, तर या पदासाठीही निघू शकेल.

– एक वाचक, नाशिक