केबिनमध्ये रडणारी नायिका

महोदय,

चाच्यांवरच्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या मी आवडीने वाचते. पण त्यांतला कप्तान कायम रेशमी सदऱ्यात, आणि नायिका त्याने पळवून आणलेली सरदारकन्या! किडे पडलेली बिस्किटे, ताज्या फळभाज्यांअभावी होणाऱ्या स्कर्व्ही रोगाने सुजलेल्या हिरड्या यांचा मागमूस नाही (चुंबनाच्या प्रसंगी अडचणच व्हायची म्हणा). १७२० मध्ये जमैकाजवळ जॅक रॅकम या चाच्याचे जहाज पकडले, तेव्हा ॲन बॉनी आणि मेरी रीड त्यावर स्वतः चाच्या म्हणून होत्या. रॅकम फासावर गेला. दोघी गरोदर असल्याने त्यांची फाशी लांबली. मेरी १७२१ मध्ये तुरुंगातच वारली. ॲनच्या पुढच्या आयुष्याची खात्रीची नोंद नाही. कादंबरीकाराला एवढी मोकळी जागा आणखी कुठे मिळणार? तरी आमची नायिका अजून केबिनमध्ये रडतेच आहे.

– एक वाचक