पर्यटनमंत्री साहेब, चेरीची झाडं नकोत, ती डायरी तेवढी आणा

मा. पर्यटनमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

आधीच सांगते, तक्रार नाहीये. मी साताऱ्याची, वय ६६, लेक अमेरिकेत व्हर्जिनियाला असते, मागच्या वर्षी तीन महिने तिच्याकडे होते. मार्चच्या शेवटी आम्ही वॉशिंग्टनचा चेरी ब्लॉसम फेस्टिव्हल बघायला निघालो तर सकाळपासून पाऊस. आपल्यासारखा धो धो नाही हो, चिवट, बारीक, बोचरा, छत्री उघडावी तर वारा ती उलटी करतो आणि मिटावी तर चष्म्यावर पाणी. जावई म्हणाले पुढच्या शनिवारी जाऊ. लेक म्हणाली पुढच्या शनिवारी झाडावर काही राहायचं नाही, आजच जायचं. मला वाटलं हिला काय स्वप्न पडलं का. पण तिने फोन पुढे केला आणि त्यात सगळं लिहिलेलं होतं, आणि हे पत्र खरं तर त्यासाठीच आहे.

तिथल्या नॅशनल पार्क सर्व्हिसची, म्हणजे सरकारी उद्यानं सांभाळणाऱ्या खात्याची माणसं फुलांचा हिशोब ठेवतात, डायरीच म्हणा. आधी हिरवी कळी, मग आतल्या फुलांची टोकं दिसतात, मग ती बाहेर येतात, मग देठ लांबतात, मग पांढरी फुगलेली कळी आणि शेवटी पीक ब्लूम, म्हणजे ऐन बहर. पीक म्हणजे साहेबांना छान वाटलं म्हणून जाहीर केलं असं नाही, योशिनो जातीच्या झाडांची ७० टक्के फुलं उमलली की पीक. एक झाड तर असं आहे की ते बाकीच्यांच्या आठवडा-दहा दिवस आधी फुलतं, त्याला इंडिकेटर ट्री म्हणतात, त्याच्यावर सगळ्यांची नजर. त्या दिवशी पीक होऊन चार दिवस झाले होते, वर वारा-पाऊस, म्हणून लेकीची घाई.

मेट्रोने स्मिथसोनियन स्टेशनला उतरलो, तिथून चालत टायडल बेसिनला. पोटोमॅक नदीलगतचा मोठा तलावच तो, भरतीचं पाणी आत येतं. काठाची जुनी भिंत खचलीय म्हणून भरतीला पाणी वाटेवर यायचं, तिचं काम चालू होतं, एका बाजूला जाळ्या लावलेल्या. खरं सांगू, पहिल्यांदा जरा हिरमोडच झाला. फोटोत सगळं गुलाबी गुलाबी बघून गेलेले, प्रत्यक्षात योशिनोचं फूल जवळजवळ पांढरं, वर आभाळ करडं, वास म्हणाल तर नाहीच. पण पावसाने खोडं काळीकुळकुळीत झालेली आणि त्यावर ती पांढरी फुलं, हे उन्हात दिसलंच नसतं. पाकळ्या ओल्या, त्यामुळे उडत नाहीत, चिकटतात. माझ्या छत्रीवर, बाकावर, दशम्यांच्या डब्याच्या झाकणावर, नातवाच्या पिवळ्या पोंचोवर तर इतक्या की परतताना मेट्रोत समोरची बाई त्याच्याकडे बघून हसत बसली. पाण्यावर पाकळ्यांची साय धरलेली. जपानी लोक त्याला हानाइकादा म्हणतात, फुलांचा तराफा.

पाऊस वाढला तसे सगळे जेफरसन मेमोरियलच्या खांबांआड. तिथे लेकीने सांगितलं की हेच स्मारक बांधायला १९३८ साली चेरीची झाडं काढायला घेतली तेव्हा बायकांनी स्वतःला झाडाला साखळीने बांधून घेतलं होतं. (आपल्याकडे असं झालं तर काय होईल ते मी लिहीत नाही, तुम्हीही विचारू नका.) ही झाडं मुळात जपानची भेट, आणि १९१० साली आलेली पहिली २००० झाडं कीड निघाली म्हणून चक्क जाळून टाकलेली! तरी जपानने परत ३०२० पाठवली, १९१२ ला. आता भिंतीच्या कामासाठी २०२४ मध्ये सुमारे ३०० झाडं तोडली, त्यात बरीच चेरीची, पण तोडण्याआधी आकडा लोकांना सांगितला, आणि स्टम्पी नावाचं एक पोकळ खोडाचं लाडकं झाड होतं त्याची कलमं काढून ठेवली.

आता मुद्द्याचं. हे वाचून कुणीतरी तुम्हाला सांगेल साहेब आपणही चेरी लावूया, सेल्फी पॉइंट करूया, वर लाइटिंग. कृपा करून नको. आपलं राज्यफूल ताम्हण आहे, एप्रिल-मे मध्ये जांभळं होतं, ऐन महाराष्ट्र दिनाच्या आसपास, आणि दहा जणांना विचारा ताम्हण कुठलं, नऊ जण देवपूजेचं ताम्हन दाखवतील. मला फेस्टिव्हल नको, स्टेज नको, उद्घाटनाची फीत नको. प्रत्येक जिल्ह्यात एक ताम्हण ठरवा, एक माणूस नेमा जो रोज सकाळी जाऊन बघेल आणि फोनवर एक ओळ टाकेल, कळी, फुगलेली कळी, फूल, गळ. पळस, पांगारा, बहावा नंतर बघू. लोक मग आपोआप येतील, पावसातसुद्धा येतात, मी स्वतः ओले मोजे घालून चार तास चाललेय.

तुमचा माणूस मिळेपर्यंत मी सुरू केलंय. आमच्या कॉलनीत पाण्याच्या टाकीशेजारी एक ताम्हण आहे, वहीत लिहितेय. १० एप्रिल, काही नाही. ११ एप्रिल, काही नाही, खाली कुणीतरी स्कूटर लावलीय. १२ एप्रिल, रस्त्याच्या बाजूच्या फांदीला कळ्या, मोजल्या, १४.

आपली,
साताऱ्यातली एक आजी