चाचा, तुम्ही थांबवलंत म्हणून

आदरणीय चाचा,
सलाम.

आज रविवार, साइटला सुट्टी. अबूधाबीजवळच्या मुसाफाच्या कामगार कॅम्पात सगळे झोपलेत आणि मी लिहायला बसलोय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण रत्नागिरीकडच्या चार पोरांनी वाचावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

मुंबईचा तो एजंट म्हणाला होता, एक लाख वीस हजार भर, व्हिजिट व्हिसावर जा, कामाचं परमिट तिकडे लागेल. आईने गहाण टाकायला पाटल्या काढून ठेवल्या होत्या. सोनाराकडे जायच्या आदल्या संध्याकाळी मी तुमच्या पडवीत आलो, खरं तर निरोप घ्यायला. तुम्ही पासपोर्ट मागितलात. चष्मा पुसलात, पान उलटलंत आणि ईसीआरच्या (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते, अशा) शिक्क्यावर नख टेकवून म्हणालात, "दहावी झाली नाही ना तुझी, म्हणून हा शिक्का. सरकारची मंजुरी घेतल्याशिवाय तुला दुबई-अबूधाबीला कामाला जाता येत नाही. आणि व्हिजिटवर काम केलंस तर तिकडे तो गुन्हा."

मला राग आला होता. त्या रात्री जेवलोही नाही. त्या रागाची आज माफी मागतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर, जिथे नोंदणी झालेले एजंट दिसतात, त्या एजंटाचं नाव शोधायला लावलंत. नव्हतंच. नोंदणीवाल्या एजंटालाही ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. वर्क परमिटचा अर्ज तिकडची कंपनी करते, एवढंही मला ठाऊक नव्हतं.

चार महिन्यांनी नोंदणीवाल्याकडून ऑफर लेटर आलं. १,५०० दिरहमचा आकडा बघून मी धावत आलो. तुमचं बोट खाली सरकलं. बेसिक, म्हणजे मूळ पगार, ६००, बाकी भत्ते. ओव्हरटाइम बेसिकवर, नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही बेसिकवरच, पहिली पाच वर्षं दरसाल २१ दिवसांची. "सही करायच्या आधी बेसिक वाढवतात का ते विचार," म्हणालात. घाबरत विचारलं. एकूण तेवढंच राहिलं, पण बेसिक ९०० झालं. गेल्या महिन्यात ओव्हरटाइमचे पैसे मोजताना तुमचं ते बोट डोळ्यांसमोर आलं.

पुढे वडिलांच्या नावातल्या एका अक्षरापायी मंजुरी अडकली, तेव्हा या वयात तुम्ही रात्रीच्या एसटीने माझ्यासोबत वांद्र्याच्या विदेश भवनात आलात. माझ्याकडून चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी, २७५ रुपयांत दोन वर्षं, १० लाखांच्या विम्याची, तिची एक प्रत आईच्या ट्रंकेत तुम्हीच ठेवायला लावलीत.

हे सगळं तुम्ही का करता, ते निघायच्या दिवशी चाचीने सांगितलं. तुम्ही तिकडे कामाला गेलात, त्या पहिल्या खेपेला तुमचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला होता आणि अब्बांच्या मयतीला तुम्हाला येता आलं नाही. तुम्ही स्वतः हे कधी बोलला नाहीत.

आईच्या पाटल्या तिच्या हातात आहेत. माझा पासपोर्ट माझ्या पेटीत आहे, चाचा, आणि किल्ली गळ्यात. शिमग्याला येतोय.

तुमचा,
खालच्या वाडीतला वेल्डर