ड्रॉप न घालता केलेली तपासणी ‘संपूर्ण’ नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकात पान तीनवर नेत्रतपासणी शिबिराची बातमी आहे. मथळा : ‘मधुमेही व विद्यार्थ्यांची संपूर्ण नेत्रतपासणी’. यातल्या ‘संपूर्ण’ या शब्दाला माझी हरकत आहे. बातमीतच लिहिलंय की सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात दोन डॉक्टरांनी तीनशेवर लोक तपासले. माणशी दीड मिनिट. डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) बघायचा तर ड्रॉप घालून बाहुली मोठी करावी लागते, आणि ती मोठी व्हायलाच वीस मिनिटं ते अर्धा तास जातो, आणि मधुमेह जुना असेल तर ती लवकर उघडत नाही, दुसऱ्यांदा ड्रॉप घालावे लागतात. म्हणजे त्या दिवशी ड्रॉप घातलेच गेले नाहीत. सोबतच्या फोटोतही तेच दिसतं : आजोबांच्या डोळ्यांवर टॉर्चचा झोत आहे आणि मागे रांग दाराबाहेर गेली आहे.

टॉर्चने बुबुळावरचं फूल दिसतं, वाढलेलं मांस दिसतं, पिकलेला मोतीबिंदू दिसतो. मागचा पडदा दिसत नाही. उलट उजेड पडला की बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरवर येते. मधुमेहाचं नुकसान होतं ते पडद्यावर. साखर बरीच वर्षं चढी राहिली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होऊन त्यांना सूक्ष्म फुगे येतात, त्यांतून रक्त आणि चरबीयुक्त द्रव झिरपतो, पिवळट ठिपके जमतात. वाहिन्या बंद पडत गेल्या की रक्त न मिळणारा पडदा नव्या वाहिन्या फुटवतो. त्या इतक्या नाजूक असतात की एखाद्या सकाळी फुटतात आणि डोळ्यापुढे काळं जाळं येतं. या सगळ्या काळात रुग्ण तक्त्यावरची ६/६ची, म्हणजे चांगल्या नजरेची ओळ घडाघडा वाचू शकतो, कारण पडद्याचा मधला बिंदू, ज्याने बारीक अक्षरं दिसतात, तो अजून शाबूत असतो. तक्ता वाचला म्हणून ‘डोळे उत्तम’ असं सांगून घरी पाठवलेला माणूस पुढची दोन-तीन वर्षं डॉक्टरकडे फिरकत नाही. माझा राग याच गोष्टीचा आहे.

टाईप टू मधुमेह ज्या दिवशी कळला, त्याच सुमारास ड्रॉप घालून पडदा पाहायचा आणि मग दरवर्षी. वर्षभर थांबायचं नाही, कारण आजार कळण्याआधीच तो काही वर्षं अंगात असू शकतो. मधुमेही बाई गरोदर राहिली तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा पाहायचा. गरोदरपणात हा त्रास भराभर वाढू शकतो. ड्रॉप घालण्याआधी टॉर्च डोळ्याच्या कडेने धरून डोळ्याच्या पुढच्या भागातली, बुबुळामागची जागा अरुंद आहे का ते बघायचं, नाहीतर काचबिंदूचा झटका येऊ शकतो. रक्तदाब फार चढा असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर बाहुली मोठी करणाऱ्या दोन औषधांपैकी फिनाइलेफ्रिन टाळून नुसतं ट्रोपिकामाइड घालायचं. त्यानंतर चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन खुपतं, म्हणून गाडी चालवायची नाही, सोबत माणूस आणायचा. परतीची एस.टी. चुकेल म्हणून लोक ‘ड्रॉप नको’ म्हणतात हे मला माहीत आहे. पण त्यावर उपाय आहे. मधुमेह्यांना सकाळी पहिल्यांदा घ्या, ड्रॉप घालून बसवा, तोवर बाकीची रांग चालू द्या.

आणखी एक गोष्ट शिबिरात नेहमी चुकते. साखर न बघताच चष्म्याचा नंबर काढतात. साखर तीनशेच्या घरात असताना डोळ्यातलं भिंग पाणी धरतं आणि नंबर मायनसकडे सरकतो. औषधाने साखर उतरली की नंबर पुन्हा बदलतो आणि शिबिरातला चष्मा ट्रंकेत पडतो. आधी बोट टोचून साखर बघा. चढी असेल तर ती काही आठवडे स्थिर होऊ द्या, मग नंबर काढा.

पडद्याचा दोष वेळेत सापडला तर हाती बरंच काही आहे. नव्या वाहिन्यांसाठी लेझर : साधारण बाराशे ते सोळाशे ठिपके, दोन-तीन बैठकांत. त्याने गेलेली नजर परत येत नाही, असलेली टिकते. रात्रीचं आणि कडेचं थोडं कमी दिसू शकतं, हे रुग्णाला आधीच सांगायला हवं. मधल्या बिंदूला सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन, ०.०५ मिली एवढंच औषध, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर. सुरुवातीला दर महिन्याला. इथेच गाडी अडते. पहिल्या इंजेक्शनने अक्षरं स्वच्छ दिसू लागतात, माणूस म्हणतो झालं बरं, आणि दुसऱ्याला येतच नाही. दोन-तीन महिन्यांनी सूज परत येते आणि दोष इंजेक्शनला दिला जातो.

आता मुलांचं. तुमच्या दुसऱ्या फोटोत पाचवी-सहावीतली मुलगी नंबर काढायच्या कॉम्प्युटर मशीनवर हनुवटी टेकवून बसली आहे आणि शेजारच्या टेबलावर तयार चष्म्यांचा खोका उघडा आहे. तो खोका बघून मला जत तालुक्यातला दुसरीतला एक मुलगा आठवला. त्यालाही अशाच एका शिबिरात मशीनवर बसवून चष्मा दिला होता, दोन्ही डोळ्यांना सारखा, मायनस पाऊण. सहा महिने डोकं दुखतंय म्हणून आई मिरजेला घेऊन आली. डोळ्यातला स्नायू सैल करणारा ॲट्रोपिनचा मलम घालून रेटिनोस्कोपने (डोळ्यात उजेड टाकून हाताने नंबर काढायचं उपकरण) पाहिलं तर उजवा डोळा प्लस एक आणि डावा प्लस साडेचार. डाव्याने तो तक्त्यावर ६/३६च्या मोठ्या अक्षरांपुढे वाचत नव्हता; तो डोळा नीट न वापरल्याने कमजोर, म्हणजे ‘आळशी’ राहिला होता. आईला पत्ता नव्हता, शाळेला नव्हता, कारण उजवा डोळा झाकून डाव्याने वाचायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मायनसच्या चष्म्याने तर त्या डाव्या डोळ्यावरचा ताण वाढवला.

लहान मुलाच्या डोळ्यातला स्नायू भिंगाला सतत जोर देतो, आणि मशीनच्या आत बघताना तर जास्तच. त्यामुळे प्लस नंबर लपतो, खोटा मायनस दिसतो. तो स्नायू औषधाने सैल केल्याशिवाय मुलाचा नंबर ठरवू नये. पाच-सहा वर्षांच्या आतल्यांना एक टक्का ॲट्रोपिन मलम, तांदळाच्या दाण्याएवढा, दिवसातून दोनदा, तीन दिवस. तपासणीच्या सकाळी लावायचा नाही. चेहरा लालबुंद झाला, ताप आला तर लगेच थांबवून डॉक्टरला कळवायचं, आणि ट्यूब मुलांच्या हाती लागेल अशी ठेवायची नाही. मोठ्या मुलांना सायक्लोपेंटोलेट किंवा होमॅट्रोपिनचे ड्रॉप पुरतात. शाळेत गुरुजी तक्ता वाचून घेतात तेव्हाही एक डोळा तळहाताने झाकायला सांगावं. बोटांनी झाकलं की मूल फटीतून बघतं.

त्या मुलाला आधी बरोबर नंबरचा चष्मा दिला, काही आठवड्यांनी उजव्या डोळ्यावर पट्टी, रोज सहा तास. पट्टी चांगल्या डोळ्यावर असते. कित्येक घरी ती उलट, कमजोर डोळ्यावर बांधलेली सापडते. चष्म्याच्या काचेवर चिकटवली तर मूल कडेने बघतं, म्हणून त्वचेवरच चिकटवायची. नजर एवढी कमी नसेल तर दोन तासही पुरतात. पट्टी लावून चित्रात रंग भरायला, मणी ओवायला द्यावं, कारण डोळ्याला काम मिळालं तरच तो शिकतो. सहा-आठ आठवड्यांनी दोन्ही डोळे तपासायचे, चांगलासुद्धा. सात-आठ वर्षांच्या आत हे सुरू झालं तर फायदा सर्वांत जास्त. पुढेही प्रयत्न सोडू नये, पण वेग मंदावतो. आळशी डोळ्याचं एक वर्ष चुकीच्या चष्म्यात गेलं तर ते वर्ष परत मिळत नाही.

जाता जाता, रविवारच्या पुरवणीत ‘बाळाचा तिरळेपणा वाढत्या वयाबरोबर आपोआप जातो’ असं एक वाक्य छापलंय. एक डोळा किंचित तिरका असला तर मूल नशीबवान, अशी समजूत आपल्याकडे आधीच आहे, त्यात ही भर नको. पहिले तीन-चार महिने डोळा अधूनमधून फिरला तर चालतं. त्यानंतरही फिरत असेल, किंवा फोटोत एका बाहुलीत पांढरी चमक दिसत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. पांढरी चमक मोतीबिंदूची असू शकते, डोळ्यातल्या कॅन्सरचीही. आणि दोन किलो किंवा त्याहून कमी वजनाचं, किंवा चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ असेल तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत त्याचा पडदा पाहायलाच हवा. फारच लहान असेल तर त्याहूनही आधी.

माझी विनंती एवढीच. शिबिराची बातमी छापण्याआधी आयोजकांना विचारा : बाहुली मोठी केली का, पडदा कुणी पाहिला, आणि ज्यांच्यात दोष सापडला त्यांतले किती जण पुढे सांगली-मिरजेला पोहोचले. ‘नाही’ असं उत्तर आलं तर ‘प्राथमिक तपासणी’ असं लिहा. आणि त्या तीनशेजणांत जे मधुमेही होते, जी मुलं तो खोक्यातला चष्मा घालून सध्या शाळेत जात आहेत, त्यांच्यासाठी चार ओळी छापा : ड्रॉप घालून तपासणी अजून व्हायची आहे, ती करून घ्या.

आपला,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी,
विश्रामबाग, सांगली