नानांची डिस्क आणि बाळूदादाचा जोड

महाल, नागपूर
मारबतीचा दुसरा दिवस

प्रिय सुध्या,

सापडला बे! बाळूदादानं मारलेला जोड सापडला. जिन्याखालच्या लाकडी पट्टीमागं, फोनची वायर वरच्या खोलीकडं वळते ना, बरोब्बर तिथं. ना सोल्डर, ना कनेक्टर. दोन तारांना नुसता पीळ आणि वर चिकटपट्टी. पट्टीचा चिकटा झालेला, आत तांबं हिरवंगार. लँडलाइन परत केली, वायरी काढून राहिलो होतो, म्हणून हे उजेडात आलं. काल पोरं ईडापिडेच्या नावानं ओरडत होती, तेव्हा मीही गर्दीत एक ठेवून दिली: बाळूदादाचा जोड घेऊन जा गे मारबत!

तब्येती ठीक. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर तशीच. पुढं.

तुझं म्हणणं काय होतं, आठव. डायल-अपच्या दिवसांत, फोनवरून नेट लावायचो तेव्हा, मे महिन्यात मोडेम, म्हणजे कॉम्प्युटर फोनला जोडणारं यंत्र, तापतो आणि म्हणून कनेक्शन तुटते. मी म्हणत होतो लाइन. आता ऐक. दिवाणखान्यातला फोन स्वच्छ आणि वर मोडेमला खरखर, कारण वरची लाइन या जोडातूनच जात होती. तांब्यावर ऑक्साइडचा पापुद्रा चढला की बारीक सिग्नल त्यातून अडखळत जातो. रिंग आली की मात्र ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो, तो पापुद्रा फोडतो आणि लाइन थोडा वेळ शहाण्यासारखी वागते. शोभाकाकूचा फोन वाजून गेला की नेट लगेच लागायचं ते यानं. तू त्याला काकूचा पायगुण म्हणायचास! आणि कूलर लावला की तुटायचं, ते जिन्याखाली ओल धरायची म्हणून. गरमीचा त्यात काही संबंध नाही.

एस१० चा, म्हणजे मोडेमच्या त्या सेटिंगचा, तुझा उपाय मात्र मान्य. त्या रजिस्टरमध्ये मुळात १४ असते, म्हणजे कॅरिअर, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर, गेला की १.४ सेकंदात मोडेम फोन ठेवतो. ५० केलं की पाच सेकंद दम धरतो, कॉल वेटिंगची टूं टूं तेवढ्यात निघून जाते. पण मोडेमला एटीएक्स३ हा हुकूम देऊन डायल टोनची वाट न पाहताच नंबर फिरवायचा, ही काय युक्ती होती? टोन नीट ऐकू येत नाही हाच तर रोग होता. तुझ्या घरच्या इंटर्नल मोडेमचं तर बोलायलाच नको. मोडेम कॉम३ पोर्टवर, माउस कॉम१ वर, दोघंही आयआरक्यू ४ वर, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची तार दोघांत एकच, आणि डायल केलं की माउस गोठला म्हणून शिव्या विंडोजला! जंपर, म्हणजे पिनांवरची ती टोपी, कॉम२ वर सरकव, तिकडं आयआरक्यू ३ आहे, हे सांगून घसा बसला माझा. तू सरकवला तो दुसऱ्या मोडेमवर.

आमच्याकडं दुसरंच दुखणं होतं. आय/ओ कार्डावर मोडेमचे बाइट घेणारी १६४५० चिप, तिच्यात एकाच बाइटची जागा. पोर्ट सेकंदाला ३८,४०० बिटांवर ठेवला की दर २६० मायक्रोसेकंदाला एक बाइट येतो. विंडोज तेवढ्यात डिस्ककडं वळलं की तो गेला. डाउनलोडमध्ये सीआरसी एरर, म्हणजे बाइट चुकल्याच्या सूचना, यायचे ते यामुळं. १६५५० ला १६ बाइटांचा बफर, ते कार्ड बसवल्यावर तक्रार बंद. हे तरी तू मान्य केलं होतंस, चहाच्या पैजेवर. चहा अजून यायचा आहे.

बरं, पत्र यासाठी नाही. वायरी काढता काढता माळाही रिकामा केला. ४८६, तो जुना कॉम्प्युटर, खाली उतरवलाय. तुझ्या बाबांचा, नानांचा.

म्हणजे मशीन आमचं, पण नानांचंच म्हणायचं. दुपारभर तेच बसायचे त्यावर, शिवाजी फाँटमध्ये टकटक करत. छापलेली पानं तुमच्या घरी होती, त्यांना वाळवी लागली हे तूच सांगितलंस. मग मिलच्या दिवसांपासून पुढचं त्यांनी लिहिलेलं सगळं कुठं असेल तर त्या डिस्कवर. आणि वाडा दिवाळीनंतर बिल्डरच्या ताब्यात जातो.

रिंक्या म्हणतो, "काका, पिन लावून पाहू ना, सुरू होते का." तेच करायचं नाही. मी पॉवरची वायरच काढून माझ्या कपाटात ठेवली. मदरबोर्डवर निळ्या वेष्टणातली ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते ना, ती फुटून तिचा क्षार कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत गेलाय. पांढरा व्हिनेगर कापसाच्या बोळ्यानं लावायचा, फेस थांबला की पाण्यानं पुसायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग दोन दिवस सुकवायचं. पण तार आतून खाल्ली गेली असेल तर धुऊन काही होत नाही. बोर्डाचा मोह मी सोडलाय.

एसएमपीएसचाही, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याचाही, भरवसा नाही. इतकी वर्षं पडून राहिलेले कपॅसिटर एकदम २३० व्होल्टवर घेतले तर धूर निघायची भीती. आधी सिरीज बोर्डवर, १०० वॉटचा साधा बल्ब मध्ये घालून. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटत राहिला तर आत शॉर्ट. आणि रिकामा नाही तपासायचा, पाच व्होल्टवर काही लोड पाहिजे, नाहीतर जुना एसएमपीएस चालूच होत नाही. पुढच्या बटणापर्यंत चक्क मेनची वायर येते, तिथं इन्सुलेशन तडकलंय. बोर्डाला वीज देणाऱ्या पी८-पी९ जोडण्यांत काळ्या वायरी मध्यभागी शेजारीशेजारी यायला हव्यात. उलट लागल्या की बोर्डाची राख. तुला हे कशाला सांगतोय म्हणा, तुझ्या हातून एक गेलाच आहे.

म्हणून हे मशीन चालू करायचंच नाही, फक्त डिस्क बाहेर काढायची. काढली. लेबल वाचता येते: १००१ सिलिंडर, १५ हेड, १७ सेक्टर. ५१२ नं गुणलं की १३,०६,९०,५६० बाइट, म्हणजे आपली १३० एमबीची सीगेट, एसटी३१४४ए. दुकानदार म्हणाला, "यूएसबीचं कन्व्हर्टर लावा, पाच मिनिटांत कॉपी." ते बहुतेक कन्व्हर्टर एलबीए पत्त्यांवर, म्हणजे सेक्टरांना ओळीनं दिलेल्या क्रमांकांवर, चालतात. ज्या जुन्या डिस्कला फक्त सिलिंडर-हेड-सेक्टर कळते, ती त्यांना दिसतच नाही. ही कोणत्या जातीची आहे ते पाहण्यासाठी मी तिला वीज देऊन बसू का? त्यापेक्षा अशा डिस्क जोडायचं आयडीई पोर्ट असलेला जुना पेंटियमचा बोर्ड घ्यायचा, सीताबर्डीवर विचारून ठेवलंय. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगांत, ऑटो सोडून वरचे तीन आकडे हातानं भरायचे. डिस्कचा जंपर मास्टरवर, केबलची लाल कड पिन एककडं. लिनक्सच्या सीडीवरून बूट करायचं, विंडोजवरून नाही, ते विचारल्याशिवाय डिस्कवर लिहून मोकळं होते. आणि डीडीरेस्क्यूची, म्हणजे खराब डिस्क उतरवून घेणाऱ्या प्रोग्रामची, पहिली फेरी, वाचता येईल तेवढं घेऊन पुढं सरकायची, अडलेल्या सेक्टरांशी झगडायचं ते नंतर. चांगली डिस्क असली तर १३० एमबीला काही मिनिटं पुरतात.

हे सगळं येते मला. अडलंय ते वेगळ्याच जागी. वाचणारं हेड प्लॅटरला, म्हणजे आतल्या चकतीला, चिकटून बसलं असेल तर मोटर फिरणार नाही, नुसती गुणगुणेल. अशा वेळी लोक डिस्क मनगटानं झटकन फिरवून हेड सोडवतात. कधी सुटते, कधी हेडच उखडून प्लॅटरवर रेघ ओढते आणि मग डेटा काढून देणारा लॅबवालाही हात वर करतो. चालू झाली तरी ती किती वेळ चालेल कोणास ठाऊक. पहिली वीज हीच शेवटची असू शकते. मग ती मी इथं टेबलावर द्यायची, की तशीच गुंडाळून लॅबला पाठवायची?

माझं मत सांगू? घरी एकदा लावून पाहावं, मोटर फिरली आणि आवाज सरळ आला तर इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, घ्यावी. टकटक ऐकू आली किंवा फिरलीच नाही, तर त्या सेकंदाला वीज बंद करून लॅब. झटकायचं नाही, ठोकायचं नाही. पण बाप तुझा आहे. लॅबचा खर्च आपण अर्धा-अर्धा करू, त्यावर वाद घालू नको. तू हो म्हणेपर्यंत ती डिस्क आईच्या लोखंडी कपाटात, काळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत आहे, आणि किल्ली माझ्याकडं.

समज, इमेज मिळाली. तरी नाना लगेच वाचता येणार नाहीत. त्या फाँटच्या फाइलींत देवनागरी नसतेच, आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, वर फाँटचा मुखवटा. वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली, रफार नंतर, जोडाक्षरं अर्ध्या तुकड्यांची. युनिकोडमध्ये आणताना प्रत्येकाची जागा बदलावी लागते. कन्व्हर्टर मिळतात, पण शिवाजी०१ ला वेगळा तक्ता आणि ०२ ला वेगळा. नानांनी कोणता वापरला ते फाँटची मूळ टीटीएफ फाइल हातात आली की कळेल. ती डिस्कवर विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये असायला हवी. आणि नसेल तर तुझ्याकडं.

म्हणून तुला काम. तुझ्या त्या निळ्या ट्रंकेत एआरजेनं दाबून तुकडे केलेल्या फाइलींचा फ्लॉप्यांचा संच असणार, बॅकअप म्हणून तूच नेला होतास. सगळ्या पाठव. एकही राहिली तर तिच्यावरच्या फाइली गेल्या, कारण एआरजेचे तुकडे फ्लॉपीगणिक असतात. कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालून बघायचा मोह टाळ. झडप सरकवून आतल्या चकतीवर पांढरे डाग दिसले तर ती बुरशी आहे. तशीच फिरवली की हेड घासून चुंबकी थर निघतो, आणि तेच घाणेरडं हेड पुढच्या फ्लॉपीचीही वाट लावते. इथं मी अल्कोहोलनं एकेक पुसून, प्रत्येकीनंतर हेड साफ करून वाचीन. ज्या हट्टी निघतील त्यांच्यासाठी ग्रीजवीझल नावाचं यंत्र मागवलंय. ते सेक्टर वाचायच्या भानगडीत न पडता चुंबकी बदलांचीच नोंद घेते, आणि डोकं नंतर शांतपणे लावता येते.

तुझ्या बदलीचं कळलं, नाशिकची थंडी मानवली का? सीमावहिनींच्या शाळेचं वाचून बरं वाटलं. चिनूला म्हणावं बारावीचा बाऊ करू नको. दिवाळीला येणार असाल तर दोन दिवस जास्त काढून या.

डिस्कचं मात्र फोन करून सांग, पत्राची वाट पाहत बसवू नको.

तुझा,
विन्या

ता. क. फ्लॉप्या पाठवताना चुंबकाच्या झाकणाचा तो शोभिवंत डबा वापरू नको. तू वापरशील म्हणून लिहिलं.